सकाळी अकरा वाजता तू काय करत असशील?

निकालांचा सीझन सुरू झाला की मला फोन यायला लागतात. मी काही करिअर काउन्सेलर वगैरे नाही, पण आमच्या नातेवाईकांत 'मला माझी नोकरी आवडते' असं उघडपणे म्हणणारी बहुतेक मी एकटीच, एरवी असं म्हटलं की लोक एकतर विषय बदलतात नाहीतर पगार विचारतात, पण पोरांच्या ॲडमिशनची वेळ आली की बरोबर माझी आठवण होते. यंदाचा फोन नाशिकहून, वहिनीचा. "ताई, तुम्हीच समजवा हो त्याला, सीईटीला इतकं चांगलं पर्सेंटाइल आलंय आणि हा म्हणतोय दगड शिकायचेत."

दगड म्हणजे जिऑलॉजी. भाचा लहान होता तेव्हा सिन्नरच्या गारगोटी म्युझियममधून त्याला अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागायचं (पाहिलं नसेल तर खरंच जाऊन या, आपल्या सह्याद्रीच्या त्या काळ्याकुट्ट कातळाच्या पोकळ्यांत असले हिरवट गुलाबी स्फटिक असतात यावर विश्वास बसत नाही). अजूनही ट्रेकला गेला की परत येताना सॅक जड. म्हणजे आवड आहे का हा प्रश्नच नाही, आहेच. पण मी त्याला समजवायलाही गेले नाही आणि वहिनीलाही नाही, मी वेगळंच काहीतरी विचारलं आणि तेच जरा सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी फोन आला की सरळ लिंक पाठवता येईल.

आपण मुलांना विचारतो 'तुला आवडतं काय', आणि मुलं विषयाचं नाव सांगतात. बायो, हिस्टरी, कॉम्प्युटर. त्यांचंही बरोबरच आहे, शाळेत दुसरं काही बघायलाच मिळत नाही. पण नोकरीत विषय करत बसत नाही कोणी, नोकरीत कामं करतात, आणि एकाच विषयाच्या पोटात इतकी वेगवेगळी कामं असतात की विषय आवडतो म्हणून काम आवडेल याची काहीच खात्री नाही. उलटंही होतं. विषयाशी काही देणंघेणं नसताना काम आवडून जातं, माझं तेच झालं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स करून निघाले, कॅम्पसमध्ये कंपनीने घेतलं आणि टेस्टिंगला टाकलं, तेव्हा बॅचमधल्या पोरांनी असा चेहरा केला होता की जणू माझ्या घरात काहीतरी वाईट घडलंय, कारण डेव्हलपमेंट म्हणजे भारी आणि टेस्टिंग म्हणजे उरलेल्यांचं असा समज होता, अजूनही आहे थोडा. आणि मला पहिल्या काही महिन्यांतच कळलं की अरे, हे तर मी आयुष्यभर फुकटात करत आलेय. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा केलाय, पण ज्यांना आडनावच नाही त्यांनी काय करायचं? जन्मतारीख २९ फेब्रुवारी टाकली तर? पेमेंटचं बटण दोनदा दाबलं तर पैसे दोनदा जातात का, आणि दाबल्याबरोबर लिफ्टमध्ये शिरून रेंज गेली तर? माझ्या डोक्यात हे आपोआप चालू असतं, लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी वार आणि तारीख जुळतेय का ते बघते. सॉफ्टवेअर या विषयावर माझं काही प्रेमबिम नाही, उद्या बंद पडलं तरी मी रडणार नाही, पण 'हे कुठे मोडेल' हे शोधायच्या कामात मजा येते. आणि त्यातला कंटाळवाणा भाग, म्हणजे प्रत्येक रिलीजच्या आधी तेच ते जुने टेस्ट केस पुन्हा चालवून बघणं, तोही मला फारसा बोचत नाही, एफएम लावते आणि करते. शेजारच्या टेबलवरचा मुलगा त्याच कामाने वेडा व्हायचा बाकी होता, शेवटी तो सेल्सला गेला आणि तिथे मस्त चाललंय त्याचं.

माझी एक मैत्रीण व्हेट आहे, फलटणकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिच्याकडे पण दर वर्षी पोरी येतात, 'मॅडम मला प्राण्यांची खूप आवड आहे', मोबाइलमध्ये मांजराचे फोटो. ती त्यांना काही बोलत नाही, सरळ गाडीवर मागे बसवून घेऊन जाते. म्हणजे कुठे, तर खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा चढवून गाईची गाभण तपासणी, हात कुठे घालायचा असतो ते सांगत नाही, समजून घ्या. मग कासदाह झालेली म्हैस, जिला गावात सगळे दगडी झाली म्हणतात. मग कृत्रिम रेतन. थंडीत रात्री दोनला फोन येतो की गाय अडलीय, वासरू आडवं आहे, तेव्हा गोठ्यात बल्ब एकच आणि तोही डिम. लाळ्या-खुरकताच्या लसीकरणाचा राउंड असला की गावच्या गाव, प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर ॲपमध्ये भरायचा, आणि जनावर काही मान स्थिर ठेवून उभं राहत नाही.

पण तिने मला सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही नव्हेच. ती म्हणाली, घाणीची सवय महिन्याभरात होते गं, ज्यांना जमत नाही ते माणसांमुळे जमत नाही. कारण गाय काही बोलत नाही, बोलतो मालक, आणि मालक हिशोब करत असतो की औषधाला एवढे जाणार, दूध एवढं उतरलंय, डेअरीचा दर हा असा, तर उपचार करायचा का विकून टाकायची. म्हणजे प्राण्यांवर फार प्रेम असलेल्या, पण माणसांशी बोलायचा कंटाळा असलेल्या मुलीला हे काम आवडायचा चान्स कमीच, आणि जिला लोकांशी गप्पा मारत, चहा पीत, मध्येच दटावत काम करायला आवडतं ती इथे खुलते, भले तिच्या घरात एक मांजर नसो. माझ्या मैत्रिणीच्या घरात नाहीये. २०२२ला जनावरांत लम्पीची साथ आली तेव्हा ही बाई सकाळी निघायची ती रात्री, आणि फोनवर आवाज दमलेला असायचा पण कंटाळलेला नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दमणं आणि कंटाळणं वेगळं. आनंदाचं काम म्हणजे न दमवणारं काम अशी काहीतरी कल्पना रील्स बघून झालीय सगळ्यांची.

तसंच हिस्टरीचं. आमच्या ग्रुपमधली एक जण शाळेपासून इतिहासवेडी, किल्ल्यावर नेलं की गाइडला गप्प बसवायची, तिने रीतसर आर्किऑलॉजीत मास्टर्स केलं. पुण्याला या क्षेत्राची मोठी परंपरा आहे, डेक्कन कॉलेज, तिथले पुरातत्त्वज्ञ सांकलिया सर, घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८पासून किती तरी सीझन चाललेलं उत्खनन, ताम्रपाषाण काळातली घरं, धान्याची पेवं, सगळं तिथूनच तर कळलं आपल्याला. पण उत्खननाला गेल्यावर हातात काय येतं? खापरं. पोत्याने खापरं. उन्हात बसून थर हलक्या हाताने खरवडायचा, माती चाळायची, खापरं गोळा करायची, धुवायची, वाळवायची, आणि मग प्रत्येक खापरावर स्थळाचा कोड, खड्डा, थर हे सगळं बारीक अक्षरात लिहायचं, कारण तो नंबर नसेल तर त्या खापराला काडीची किंमत नाही, कुठल्या थरातलं आहे यातच सगळी माहिती. दिवसभरात सोन्याचं नाणं वगैरे काही निघत नाही. तिच्यासोबतचा एक मुलगा त्या खापरांत रमला, काठाचा आकार बघून भांडं केवढं असेल ते सांगायचा, आता त्याच कामात पीएचडी झालीय त्याची. हिला कळलं की आपल्याला इतिहास आवडतो म्हणजे इतिहासातली गोष्ट आवडते, ऐकायला आणि सांगायला. ती आज ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि तिच्या तासाला इतर वर्गातली पोरं येऊन बसतात असं ऐकलंय. दोघांची आवड विचारली असती तर दोघांनी एकच शब्द सांगितला असता.

सीएबद्दल जास्त लिहीत नाही, आमच्या घरात ढिगाने आहेत आणि ते वाचतात हे. एवढंच सांगते की आकडे आवडतात म्हणून जाऊ नका, आकडे एक्सेल करतं. तारखा आवडत असतील तर जा. ११ तारखेला जीएसटीचं एक रिटर्न, २०ला दुसरं, मग जुलैअखेर इन्कम टॅक्स, मग सप्टेंबरअखेर ऑडिट, आणि क्लायंट बिलं पाठवणार शेवटच्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर, तेही फोटो काढून, तेही तिरके. २०२३च्या नव्या स्कीमपासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची केलीय, ती दोन वर्षं म्हणजे खरी परीक्षा, पेपर नंतर.

स्पर्धा परीक्षेचं मात्र जरा बोलायला पाहिजे, कारण पुण्यात राहून हे रोज दिसतं. सदाशिव पेठ, नवी पेठ, त्या अभ्यासिका, मेसचे डबे, चहाच्या टपरीवर चालू घडामोडींवर वाद घालणारी पोरं. त्यातल्या कितीजणांना अधिकारी व्हायचंय आणि कितीजणांना अधिकारी झालेलं असायचंय हे मला कधी कळत नाही. पोस्टरवर गाडी असते, गुलाल असतो, आता तर दिवा पण नाही, १ मे २०१७पासून लाल दिवे गेले. ओळखीतला एक मुलगा नायब तहसीलदार झाला. त्याला परीक्षेत आवडायचं पॉलिटी, राज्यघटना तोंडपाठ. आणि कामात काय आलं, तर शेतरस्ता. याने त्याचा रस्ता अडवला, त्याने बांध कोरला, असले वाद ज्याखाली चालतात तो मामलेदार कोर्ट कायदा १९०६चा, आणि भांडणं काही ठिकाणी त्याच्याही आधीची असावीत. सुनावणीच्या फायली, गारपीट झाली की पंचनामे, निवडणूक लागली की सगळं सोडून ते, कोणी मंत्री आला की हेलिपॅडवर उभं. मी त्याला विचारलं, वैताग नाही येत? तर म्हणाला, "नाही ओ ताई, स्थळपाहणीला गेलं ना की दोघांना बांधावर समोरासमोर उभं करायचं, एक तास काही बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं, निम्मे वाद तिथेच ढिले पडतात." हे सांगताना चेहरा खुलला त्याचा. आता ही गोष्ट त्याला आवडेल हे कुठल्या क्लासमध्ये कळलं असतं? आणि जे चार-पाच वर्षं अभ्यासिकेत बसलेत त्यातल्या कुणी एक दिवस तरी तहसील कचेरीत बाकावर बसून नुसतं बघितलंय का? फुकट आहे ते, कोणी हाकलत नाही, उलट कचेरीत बाकावर ताटकळत बसलेली माणसं काय कमी असतात.

इथे कोणीतरी हमखास डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण देतं. कान-नाक-घशाचे सर्जन, चाळिशीच्या आसपास, १९६९मध्ये प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाले, बघा, आवडीसाठी सोडायला पाहिजे सगळं! मान्य, लागू मोठेच. पण ते शिकले त्याच पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून निघालेले दुसरे दोघं बघा की. १९७२चं 'घाशीराम कोतवाल' बसवणारे जब्बार पटेल, दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवायचे. त्यात नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे, सायकियाट्रीचे प्रोफेसर, शिकवणं सोडलं नाही. म्हणजे एकाच कॉलेजातून, एकाच नाटकवेडातून तीन वेगळी उत्तरं निघाली आणि तिन्ही चांगली. आवडीची गोष्ट हीच पोटापाण्याची झाली पाहिजे हा हट्ट मला तरी पटत नाही. काही गोष्टी नोकरी झाल्या की कोमेजतात. माझी धाकटी बहीण उत्तम केक करायची, ऑर्डरी घ्यायला लागली आणि वर्षभरात केकचा वास नको झाला तिला, कारण करायचं होतं बेकिंग आणि निम्मा वेळ चालला होता 'थोडं कमी करा ना' म्हणणाऱ्यांशी बोलण्यात. आता परत फक्त घरच्यांच्या वाढदिवसाला करते आणि खूश असते.

आणि पैशाचं आपण बोलतच नाही, किंवा फक्त पैशाचंच बोलतो. मला वाटतं पगार इतका पाहिजे की महिनाअखेरीला त्याचा विचार डोक्यात राहू नये, त्याच्या खाली असेल तर कितीही आवडीचं काम असो, आवड टिकत नाही. शैक्षणिक कर्ज असेल, घरी आईवडील अवलंबून असतील तर 'पॅशन फॉलो कर' म्हणणाऱ्याला खुशाल दुर्लक्षित करा, तो बहुतेक वडिलांच्या फ्लॅटमध्ये राहत असतो. आधी हप्ते फेडा, त्यात काही कमीपणा नाही. आणि त्याच कामाची मजा बॉस आणि रस्ता यावर पण अवलंबून असते, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास सडल्यावर आवडतं काम पण नावडतं व्हायला लागतं, मी टीम बदलली नाही, घर बदललं, आणि नोकरी पुन्हा आवडायला लागली. मुलींच्या बाबतीत तर अजून एक थर असतो, शिफ्ट असेल का, फिरती असेल का, हे प्रश्न घरचे विचारतात आणि वर 'तुझ्या काळजीपोटी' म्हणतात. फिरतीच तर आवडत असते कधी कधी पोरीला.

ॲप्टिट्यूड टेस्टचं पण विचारतात. करा, वाईट नाही. आपल्याकडे २०१६पासून काही वर्षं दहावीच्या पोरांची सरकारी कल चाचणी पण व्हायची, त्यात 'गणवेशधारी सेवा' असा एक भाग होता, आमच्या सोसायटीतल्या एका अत्यंत आळशी मुलाचा कल तिकडे निघाला होता. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या ठिकाणी नीट चाचण्या होतात, नंतर बसून बोलतात पण. यातल्या बऱ्याच आवडीच्या चाचण्यांच्या मागे जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची १९५९ची मांडणी असते, माणसाला हाताने करायला आवडतं, शोधायला आवडतं, रचायला, मदत करायला, पटवायला का नीट लावून ठेवायला, अशा सहा बाजू. मला ती आवडते कारण त्यात विषय नाहीत, कामं आहेत. पण पालक काय करतात, रिपोर्टचं शेवटचं पान उघडतात जिथे कोर्सेसची नावं असतात, आणि मधली पानं, जिथे खरं काहीतरी लिहिलेलं असतं, ती तशीच राहतात.

त्यापेक्षा माझी आपली साधी पद्धत. त्या क्षेत्रातला माणूस गाठायचा आणि त्याला 'स्कोप कसा आहे' हे अजिबात विचारायचं नाही. विचारायचं, काल सकाळी अकरा वाजता तुम्ही नेमकं काय करत होतात? हातात काय होतं? उभे होतात का बसलेले? शेवटचं कोणाशी बोललात, कशावरून? आणि कुठल्या कामाचा सगळ्यात कंटाळा येतो? अकराच का, तर तेव्हा चहा झालेला असतो, जेवण लांब असतं, माणूस खरं काम करत असतो. पहिल्यांदा विचारलं की लोक गोंधळतात, मग खरं बोलायला लागतात, आणि मग थांबतच नाहीत.

तर भाच्याला मी म्हटलं, जिऑलॉजिस्ट शोध आणि अकराचा प्रश्न विचार. "आत्या, तूच शोधून दे ना." दिला. मैत्रिणीचा नवरा बोगद्याच्या कामावर आहे, त्याने एक दिवस साइटवर बसू दिलं, हेल्मेट-जॅकेट घालून. तिथे ड्रिलिंगमधून निघालेले दगडाचे लांब लांब दंडगोल पेटीत ओळीने लावून ठेवतात, आणि टेप घेऊन मोजायचं, दहा सेंटिमीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांची मिळून लांबी किती, त्यावरून खडक किती तडकलेला आहे त्याचा टक्का काढायचा, मग पुढची पेटी, मग पुढची. ऊन. धूळ. आणि गंमत अशी की ज्या स्फटिक भरलेल्या कातळासाठी आमचा हा लहानपणापासून वेडा, तो त्या साइटवर म्हणे कटकट समजतात, घट्ट काळा बेसाल्ट निघाला की सगळे खूश. मला वाटलं हिरमुसून येईल. रात्री फोन केला तर तासभर बोलत होता, लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये तो लाल मातीचा थर कसा बरोब्बर दिसतो, आणि एका पेटीत तुकडे उलट्या क्रमाने लावले होते ते यानेच पकडलं म्हणे. फक्त एक गोष्ट नाही आवडली, रिपोर्ट लवकर दे म्हणून कॉन्ट्रॅक्टरचा माणूस डोक्यावर उभा होता. मी म्हटलं ते सगळीकडे असतं रे, आमच्याकडे त्याला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात.

वहिनी अजून तयार नाही. तिचं म्हणणं पण चूक नाही, जिऑलॉजीत नुसत्या बीएस्सीवर फार काही होत नाही, एमएस्सी करावीच लागते, जीएसआयमध्ये, म्हणजे केंद्राच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात, जायचं तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा, म्हणजे अजून किती तरी वर्षं. सध्या त्याने इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा फॉर्म पण भरलाय आणि फर्ग्युसनला बीएस्सीचा पण, दादा म्हणतो बघू कुठे काय लागतं, दादा नेहमीच बघू म्हणतो.

आता त्याला भूजलाचं काम कसं असतं ते बघायचंय. भूजल सर्वेक्षण यंत्रणेत किंवा विहिरी-बोअरच्या जागा दाखवायच्या कामात कोणी असाल, निवृत्त असलात तरी चालेल, तर प्लीज कळवा. पगार आणि प्रमोशनचं वहिनी विचारेल, तिची यादी तयार आहे. त्याला फक्त हवंय की मे महिन्यात, कोरड्या विहिरीच्या काठावर, अकरा वाजता तुम्ही काय करता, आणि गावकरी म्हणाले की पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाने नारळ फिरवून आधीच जागा दाखवलीय तर त्यांना काय सांगता.